कच्च्या टाक्याचा खिसा

आमच्या घरात नवा कपडा म्हणजे अर्धा शिवलेला कपडा. वहिनी शिवणकाम करते. रस्त्याकडच्या खोलीत तिच्या दोन मशिनी, कापायचं लांब टेबल आणि खिडकीशेजारी खिळ्याला अडकवलेलं नारिंगी दोऱ्याचं रीळ. तो दोरा कच्च्या टाक्याचा. कापडाचे तुकडे आधी हाताने लांब लांब टाके घालून जोडायचे, अंगावर घालून बघायचे, मग मशीनवर पक्की शिलाई मारायची आणि कच्चा दोरा ओढून काढायचा. रंग भडक, कारण तो चुकून आत राहू नये. आणि त्याला वहिनी गाठ मारत नाही, कारण टोक धरून ओढलं की सगळा दोरा सरकन निघून आला पाहिजे.

गिऱ्हाइकाच्या कपड्यातून तो निघतो. घरच्यांच्या कपड्यातून निघत नाही. गिऱ्हाईक आधी, घरचे मग, आणि ते ‘मग’ कधी उजाडत नाही. माझ्या दादाने सगळा जन्म बाहीतून नाहीतर कॉलरमधून नारिंगी दोरे लोंबवत काढला. त्याची लाज त्याला कधी वाटली नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, आमच्याकडे अजून माप घेणं चालू आहे.

मी पलीकडच्या गल्लीत लाँड्री चालवते. कपडा हातात आला की आधी खिसे उलटे करायचे, ही माझी सवय. खिशांतून मला काय काय मिळालंय ते सांगत बसत नाही. एका शाळकरी पोराच्या चड्डीत जिवंत बेडूक होता, एवढंच सांगते.

दादा काचेच्या कारखान्यात कामाला होता आणि कारखान्याच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत. मग त्याच्या हिरड्या बिघडल्या आणि वरचे दात एकेक करून हलायला लागले. शेवटी डॉक्टरांनी वरची अख्खी ओळ काढून टाकली आणि कवळी बसवली. जेवायला, बोलायला कवळी पुरते. ट्रम्पेटचं तसं नाही. त्याचं तोंड ओठांवर दाबून धरावं लागतं आणि ओठांना मागून आधार लागतो तो दातांचा. दात नसले की ओठ आत जातात आणि नुसती हवा निघते. कवळी असली तर ती सुटून पडते.

बँडच्या तालमीत दादाने कवळी लावून वाजवून बघितलं, तेव्हा ती पडलीच. क्लॅरिनेटवाल्याने ती उचलून त्याच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “मास्तर, वाजवायची एवढीच खुमखुमी असेल तर आता टाळ्या वाजवा. त्याला दात लागत नाहीत.”

सगळे हसले. दादाही हसला, तोंडावर हात धरून. घरी आला आणि ट्रम्पेट कपाटावर टाकून दिलं. त्यावर धूळ बसायला लागली तरी तो तिकडे मान वर करून बघेना.

एका सकाळी वहिनी माझ्याकडे चादरी धुवायला घेऊन आली आणि माझ्या मागच्या खोलीत जाऊन उभी राहिली. तिथे मी हॉटेलांच्या ओल्या चादरी दोऱ्यांवर टांगते, जमिनीपासून छतापर्यंत. तिने एकदा जोरात टाळी वाजवली आणि कान देऊन ऐकलं. मग मला विचारलं, “वन्सं, इथला आवाज बाहेर जातो का हो?”

नाही जात. ओलं कापड आवाज पिऊन टाकतं.

त्या दिवसापासून लाँड्री बंद झाली की दादा मागच्या दाराने यायचा. मी पुढे इस्त्री करत असायची आणि तो मागे चादरींच्या आत. सुरुवातीला नुसती फुसफुस यायची, मग शिव्या, मग पुन्हा फुसफुस. कितीदा तरी कवळी सुटून उशांच्या अभ्र्यांच्या टोपलीत पडली आणि मी ती शोधून दिली. ओठ सुजायचे. वहिनी त्याला रोज विचारायची, आज काय झालं, आणि तो रोज म्हणायचा, आज कमी वेळा पडली. हळूहळू ओठ नव्या दातांना सरावले. एका संध्याकाळी चादरींच्या मागून एक सूर आला, खालून वरपर्यंत, कुठे न फाटता. मी ऐकत राहिले आणि इस्त्रीखालचा अभ्रा करपला. तो अभ्रा मी टाकला नाही. अजून आहे.

डोंगराच्या खिंडीत वाटसरूंचा एक जुना दगडी निवारा होता. त्याचं छप्पर वादळात उडालं होतं. गिर्यारोहकांच्या मंडळाने तो पुन्हा बांधून काढला आणि उघडायच्या दिवशी भर दुपारी आमच्या बँडला बोलावलं. जी धून ठरली ती आधी एकट्या ट्रम्पेटने सुरू होते. ट्रम्पेट हाक मारतं, मग बाकीचे येतात. दादा बँडच्या प्रमुखाकडे गेला आणि म्हणाला, मी वाजवतो. प्रमुख भला माणूस, पण त्याने साफ सांगितलं की वेळेवर नाही जमलं तर सुरुवात क्लॅरिनेट करेल. लोकांसमोर खोळंबून राहता येणार नाही.

त्या रात्री जेवताना दादा आम्हा दोघींना म्हणाला, “वर वाजलं तर वाजलं. नाही वाजलं तर ट्रम्पेट तिथेच बँडच्या पेटीत ठेवून येईन. परत घरी आणायचं नाही.”

वहिनीने फक्त त्याच्या ताटात भात वाढला. पण दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासाठी नवं जाकीट कापायला घेतलं. त्याला बाहेरून, कमरेच्या बाजूला एक खोल खिसा. कवळीच्या डबीसाठी. वर झाकण, झाकणाला बटण.

बँडची मंडळी जीपच्या रस्त्याने वर गेली. आम्ही तिघं पायवाटेने निघालो, कारण दादा तरुणपणापासून त्याच वाटेने चढत आला होता आणि आजच्या दिवशी गाडीत बसून जाणं त्याला कमीपणाचं वाटत होतं. पाठीवर ट्रम्पेटची पिशवी, अंगात नवं जाकीट. वाट सोबतीची होती. वळणावळणावर दगडांचे ढीग रचलेले, धुक्यात वाट चुकू नये म्हणून.

त्या वाटेची एक रीत आहे. कोणाची वस्तू पडलेली दिसली तर ती कोणी घेऊन जात नाही. जिथे सापडली तिथेच जवळच्या उंच जागी ठेवायची, म्हणजे मालक परत आला की त्याच्या नजरेला पडते. एका फांदीच्या टोकाला लोकरी हातमोजा खोचला होता, जणू झाड आम्हाला थांबा म्हणत होतं. पुढे पाटीच्या खांबावर लहान मुलाचा एकच बूट. वहिनी कधी डोंगरात आली नव्हती, तिला याची फार मजा वाटली. म्हणाली, सासूबाईंना ही रीत माहीत असती तर तुमच्या दादांना त्यांनी केव्हाच कुठल्यातरी फांदीवर ठेवून दिलं असतं. दादा म्हणाला, मग तू न्यायला आली असतीस. ती म्हणाली, आधी माप घेतलं असतं.

ओढ्याकाठी आम्ही थांबलो. मी सुकी अंजिरं आणली होती. दादाने खाल्ली आणि त्यांचे बारीक दाणे कवळीखाली जाऊन बसले. ज्याला कवळी आहे त्यालाच कळेल ते कसं टोचतं. त्याने कवळी काढून ओढ्यात खळखळून धुतली. हिरडी दुखत होती, म्हणून म्हणाला, वर पोचल्यावरच लावतो. डबी शोधली तर डबी घरी, मोरीच्या कट्ट्यावर. मग त्याने कवळी रुमालात गुंडाळली, जाकिटाच्या खिशात ठेवली, झाकण लावलं आणि बटण घट्ट बसलंय का ते दोनदा ओढून बघितलं.

ओढ्यानंतर वाट अरुंद होते. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काटेरी झुडपं. अंग चोरून जावं लागतं. मग मोठी चढण. वरून उतरणारी काही माणसं भेटली, रामराम झाला, ती खाली गेली. आम्ही चढत राहिलो. निवाऱ्याचं नवं छप्पर दिसायला लागलं आणि लोकांचे रंगीत ठिपकेही, तेव्हा दादा थांबला. म्हणाला, आता दात लावतो.

बटण काढलं, हात घातला. हात आत फिरवत राहिला. मग त्याचा चेहरा असा झाला की मी माझी शिदोरीची पिशवी खाली ठेवली.

खिशाच्या बाबतीत माझा हात माझं ऐकत नाही. मी त्याचा हात बाजूला केला आणि माझा घातला. बोटं सरळ खाली बाहेर निघाली आणि मोकळ्या हवेत हलली. आम्ही तिघांनीही माझ्या बोटांकडे बघितलं.

“तळ कच्चा होता,” वहिनी म्हणाली. “दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा कोट द्यायचा होता. म्हटलं, आल्यावर मारू शिलाई.”

दादा एका दगडावर बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पिशवी उघडली, ट्रम्पेट काढलं, ओठांना लावलं आणि फुंकलं. फुस्स. चादरींमागच्या पहिल्या दिवसाचा तोच आवाज. पुन्हा फुंकलं. तेच. त्याने ट्रम्पेट बाहीने पुसलं, पिशवीत घातलं आणि पिशवी माझ्यापुढे धरली.

“चिमणे, तू वर जा आणि हे त्यांच्या पेटीत ठेवून ये. मी इथेच बसतो.”

दातांशिवाय त्याचे शब्द ओले आणि पोकळ येत होते. मी पिशवीला हात लावला नाही. सांगितलं, मी हमाल नाही. पण सगळा डोंगर मागे पसरला होता, त्यात रुमालाएवढी वस्तू शोधायची कुठे? वरून ढोलाची तपासणी ऐकू येत होती. दुपार डोक्यावर आली होती.

वहिनी मात्र जाकिटाचा खिसा उलटा करून त्याच्या कडेवरून बोट फिरवत होती. कापडाला टाक्यांची भोकं होती, ओळीने. दोरा नव्हता.

“अहो,” ती म्हणाली, “दोरा कुठं गेला?”

दादा वैतागला. म्हणाला, दात गेले आणि तुला दोऱ्याचं पडलंय.

“दोरा आपणहून निघत नाही. कोणीतरी टोक धरून ओढावं लागतं. मी टोक लांब सोडलं होतं. ते कशाला तरी अडकलं, तुम्ही चालत राहिलात आणि तो ओढला गेला. तो जिथे अडकलाय तिथे खिसा उघडला. त्याच्या खाली तुमचे दात नाहीत. त्याच्या वरच आहेत, आणि फार वर नाहीत.” ती उतरायला लागलीसुद्धा. “वन्सं, नारिंगी बघा. फक्त नारिंगी.”

आम्ही तिच्या मागे धावलो. धावलो म्हणजे आमच्या वयाची माणसं उतारावर जेवढी धावतात तेवढं. वहिनी पुढे, तिची नजर झुडपांवर. गिऱ्हाइकाच्या कपड्यात राहिलेला टाका शोधते तशी तिची मान एकेका काट्यावरून फिरत होती. मोठी चढण उतरलो. वळण ओलांडलं. खडक आणि काटे जिथे जवळ येतात तिथे ती थांबली आणि तिने हात वर केला.

काट्याला दोऱ्याचं टोक अडकलं होतं. उरलेला दोरा वाऱ्यावर वाटेच्या दिशेने लांब फडफडत होता, अख्खा, कुठेही न तुटलेला. वहिनीने तो काट्यातून अलगद सोडवला, बोटांभोवती गुंडाळला आणि म्हणाली, “इथून वर. खाली एक पाऊल नाही.”

आम्ही तिघं गुडघ्यांवर आलो. मी वाटेची डावी बाजू घेतली, दादाने उजवी, वहिनीने मधली. गवत बाजूला केलं, दगड उचलून बघितले, झुडपांच्या मुळांशी हात घातले. एक बटण सापडलं, आमचं नव्हतं. वळण जवळ आलं तरी रुमालाचा पत्ता नाही. वर ढोलाची तपासणी थांबली होती. आता प्रमुख भाषण करत असावा, कारण मधून मधून टाळ्या ऐकू येत होत्या. प्रत्येक टाळीला दादा किंचित आकसत होता.

इस्त्रीने माझी कंबर कधीच धरली आहे. फार वेळ वाकता येत नाही. वळणापाशी मी कंबरेवर हात ठेवून सरळ झाले आणि समोर बघितलं.

वळणावर दगडांचा ढीग होता. छातीएवढा उंच. आम्ही उतरताना त्याला वळसा घालून गेलो होतो, तिघंही झुडपांकडे बघत. आता वर येताना तिघंही जमिनीकडे बघत होतो. ढिगाच्या सगळ्यात वरच्या सपाट दगडावर दादाचा रुमाल नीट चौकोनी घडी करून ठेवला होता. आणि रुमालावर, वाटेकडे तोंड करून, दादाची कवळी बसली होती. सगळे दात दाखवून हसत होती, घरमालकीण दारात येऊन बसते तशी.

मी दादाच्या खांद्यावर थाप मारली. त्याने मान वर केली.

चढणीवर आम्हाला भेटून खाली गेलेल्या त्या माणसांनी ती ठेवली असणार. दात कोणाचे, हे त्यांना काय माहीत? पण रीत म्हणजे रीत, मग हातमोजा असो की कवळी. घडी करायलासुद्धा विसरले नव्हते.

दादा उठला, ढिगाजवळ गेला, आणि दात हातात घ्यायच्या आधी क्षणभर नुसता बघत राहिला. अंजिराच्या गोडव्याला मुंग्या लागल्या होत्या. त्यांची एक रांग दगडावरून चढून पुढच्या दातांपर्यंत पोचली होती. वहिनीने फुंकर मारून त्यांना उडवलं, माझ्या बाटलीतलं पाणी ओतून कवळी धुतली, उजेडात धरून फिरवून बघितली. कुठे चीर नाही. तिने ती त्याच्या हातात दिली. त्याने लावली, जबडा हलवला, जीभ फिरवली.

तेवढ्यात वर ढोल घुमला. लांब, एकसारखा, धून सुरू व्हायच्या आधी घुमतो तसा. मग थांबला. आता ट्रम्पेटची हाक यायला हवी होती. वर मोठी चढण उरलेली, निवारा एवढासा दिसत होता. दादाने तिकडे बघितलं आणि त्याचे खांदे खाली गेले.

“पोचत नाही गं आता.”

“तुम्हाला कोण पोचायला सांगतंय?” वहिनी म्हणाली. “इथूनच वाजवा. आवाजाला गुडघे नसतात.”

तो दगडांच्या ढिगाला पाठ टेकून उभा राहिला. पिशवी खाली पडली. त्याने ट्रम्पेट उचललं, ओठ आत घेऊन बाहेर सोडले आणि श्वास घेतला. मी त्याच्या तोंडाकडे बघू शकले नाही. मी वहिनीच्या हाताकडे बघितलं. तिच्या बोटांभोवती नारिंगी दोरा इतका आवळला होता की बोटांची टोकं पांढरी झाली होती.

आणि सूर निघाला.

चादरींमागे मी तो रोज ऐकला होता, पण तिथे ओलं कापड त्याला गिळून टाकायचं. इथे गिळायला काही नव्हतं. तो सरळ चढणीवरून वर गेला, खिंडीच्या कड्यावर आपटला आणि दुप्पट होऊन परत आला. दादा त्याच्यावर दुसरा चढवत होता, तिसरा चढवत होता. सगळ्यात वरचा सूर आला, जिथे कवळी हमखास सुटायची. मी डोळे मिटले. सूर आला, टिकला, आणि टिकूनच राहिला.

वर क्षणभर काही झालं नाही. निवाऱ्याच्या भिंतीवर रंगीत ठिपके गोळा झाले, हात दिसायला लागले, कोणीतरी खाली बोट दाखवत होतं. मग ढोलावर थाप पडली, झांज वाजली, आणि सगळा बँड एकदम सामील झाला. त्या लांबच्या हाकेला त्यांनी ओ दिली होती.

पुढचं वर्णन काय करू? बँड वाजवायचा तेवढ्यात आम्ही चढायचो. ट्रम्पेटची जागा आली की दादा वाटेतच थांबून, पाय रोवून वाजवायचा. पुन्हा बँड, पुन्हा चढण. धापा टाकत होता, घामाने डबडबला होता, पण एक जागा त्याने सोडली नाही. वाटेवरची माणसं बाजूला होऊन आम्हाला जागा देत होती. शेवटची ओळ त्याने निवाऱ्याच्या पायरीवर उभं राहून वाजवली. मग जो गलका झाला, त्यात छप्पर पुन्हा उडतंय की काय असं वाटलं.

गलका ओसरला तरी एकजण टाळ्या वाजवतच होता. क्लॅरिनेटवाला. क्लॅरिनेट काखेत दाबून तो पुढे आला, दादासमोर उभा राहिला आणि वाजवत राहिला.

“मास्तर,” तो म्हणाला, “ज्याला दात लागत नाहीत ते काम आता माझ्याकडे.”

दादाने तोंडावर हात धरला नाही. त्याने वरची सगळी ओळ दाखवून त्याला मिठी मारली. काखेतलं क्लॅरिनेट मध्ये आलं आणि दोघंही कळवळले.

बँडची पेटी उघडी पडली होती, प्रत्येक वाद्याचा कप्पा आतून मखमलीने मढवलेला. ट्रम्पेटचा कप्पा रिकामा होता. दादाने त्यात बघितलं आणि आपला जेवणाचा डबा त्यात ठेवून दिला, म्हणाला, जागा कशाला वाया घालवायची. ट्रम्पेट खांद्यालाच राहिलं.

जेवणं झाल्यावर मी वहिनीला शोधलं. ती निवाऱ्याच्या पायरीवर जाकीट मांडीवर घेऊन बसली होती. पदराला लावलेली सुई काढून तिने त्यात तोच नारिंगी दोरा ओवला होता, काट्यावरून सोडवलेला, आणि खिशाचा तळ शिवत होती. लांब लांब टाके. मी म्हटलं, वहिनी, आता तरी पक्का शिव. ती म्हणाली, इथे मशीन कुठाय, घरी गेल्यावर मारते, आधी तो कोट द्यायचाय.

कोट गेला. त्यानंतर कितीतरी कोट गेले. ते जाकीट दर काही दिवसांनी माझ्याकडे धुवायला येतं. मी खिसे उलटे करते आणि तळाशी नारिंगी टाके तसेच असतात. पूर्वी मी असे दोरे ओढून काढायची. हा ओढत नाही. ओढला तरी निघणार नाही, कारण ह्या दोऱ्याला वहिनीने दोन्ही टोकांना गाठ मारली आहे.